कवळाण्याची शाखा आणि वंशावळीतल्या रिकाम्या जागा

आपल्या बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत, मग ते दांडिया बाजारातले असो की रावपुऱ्यातले, कुठल्या तरी पेटीत वंशावळीचा एखादा कागद हमखास असतो. आमच्याही घरी आहे. मागे कापड चिकटवलेला, घड्यांवर फाटलेला. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत माझ्या मुलीने तो बाहेर काढला आणि जमिनीवर पसरून नावे मोजली. त्रेसष्ट भरली. सगळी पुरुषांची. "बाबा, यात पणजी कुठे आहे?" तिने विचारले. मी म्हणालो, "बायकांची नावे लिहीत नसत." ती पुढे काही बोलली नाही, पण माझे मलाच ते उत्तर पुरे वाटले नाही.

म्हणून या वेळी स्मरणिकेसाठी वंशावळीवरच लिहायचे ठरवले. आणि बडोद्यात राहून वंशावळीवर लिहायचे तर सुरुवात एकाच ठिकाणाहून करावी लागते. मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे या खेड्यापासून.

गायकवाडांचे मूळ गाव पुण्याजवळच्या खेड तालुक्यातले दावडी. दमाजी गायकवाडांनी १७२० मध्ये बाळापूरच्या लढाईत नाव काढले, त्यांना 'समशेर बहाद्दर' हा किताब मिळाला, आणि पुढच्याच वर्षी ते वारले. मागे पुतण्या पिलाजीराव. गुजरातेत मराठ्यांचा पाय रोवला तो यांनी. १७३२ मध्ये डाकोरला पिलाजीरावांचा दग्याने खून झाला आणि त्यांचा मुलगा, दुसरा दमाजी, पुढे आला. १७३४ मध्ये बडोदे कायमचे गायकवाडांच्या हाती आले. इथपर्यंतची गोष्ट आपल्याकडे लहान मुलांनाही माहीत असते. गादीवर बसलेली सगळी मंडळी या दमाजीच्या वंशातली. गोविंदराव, आनंदराव, दुसरे सयाजीराव, आणि मग त्यांचे तीन मुलगे एकामागून एक: १८४७ पासून गणपतराव, १८५६ पासून खंडेराव, १८७० पासून मल्हारराव.

पण पिलाजीरावांना दमाजी हा एकच मुलगा नव्हता. प्रतापराव हेही त्यांचेच चिरंजीव. त्यांचा वंश खानदेशाकडे, कवळाण्यास राहिला. तिथे तो शेती करू लागला आणि पिढ्यान् पिढ्या शेतीच करत राहिला. थोरल्या घराच्या दरबारी यादीत या मंडळींना काही स्थान होते असे नाही. ती पाटीलकीच्या इतमामाने राहणारी, पण औत धरणारी माणसे होती.

आता १८७० चा प्रसंग पाहा. नोव्हेंबरात खंडेराव महाराज वारले तेव्हा महाराणी जमनाबाई गरोदर होत्या. मुलगा झाला तर गादी त्याची, असा हिशेब होता. मल्हारराव गादीवर बसले ते या अटीची टांगती तलवार घेऊनच. १८७१ च्या जुलैत जमनाबाईंना मुलगी झाली, ताराबाई. तलवार दूर झाली. एक मूल जन्माला आले आणि राज्याचा वारसाप्रश्न निकालात निघाला, कारण ते मूल मुलगी होते! वंशावळीच्या तक्त्यावर त्या फांदीला तिथेच पूर्णविराम.

मल्हाररावांची कारकीर्द कशी गेली ते सर्वश्रुत आहे. ९ नोव्हेंबर १८७४ ला रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात विष घातल्याचा आरोप झाला, चौकशीसाठी कमिशन बसले, कमिशनच्या सभासदांचे एकमत झाले नाही, तरीही एप्रिल १८७५ मध्ये त्यांना पदच्युत करून मद्रासला पाठवण्यात आले. त्यांना आणि त्यांच्या संततीला गादीचा हक्क उरला नाही. मात्र राज्य खालसा झाले नाही. गायकवाड घराण्यातला, हिंदुस्थान सरकार पसंत करील असा मुलगा जमनाबाईंनी दत्तक घ्यावा असे ठरले.

म्हणजे गरज पडली ती वंशावळीची. गादीवरची फांदी वाळली होती. माळ्याने झाडाच्या खोडापर्यंत उतरून दुसरी जिवंत फांदी शोधावी, तसे मागे जावे लागले. किती मागे? पिलाजीरावांपर्यंत, म्हणजे १४३ वर्षे. कवळाण्याचे काशीराव भिकाजी गायकवाड यांना तीन मुलगे होते: आनंदराव, गोपाळराव आणि संपतराव. ही मुले बडोद्यास आणली गेली. या शाखेच्या कुलीनतेविषयी तेव्हा प्रश्न उठले होते. शेतात राबणारे हे लोक खरोखरच पिलाजींचे वंशज कशावरून, अशी शंका दरबारी माणसांना यावी यात नवल नाही. अखेर नाते मान्य झाले, आणि २७ मे १८७५ रोजी मधल्या मुलाला, बारा वर्षांच्या गोपाळला, जमनाबाईंनी दत्तक घेतले. तो सयाजीराव झाला.

"कशाला आलास?" या प्रश्नावर गोपाळने "राज्य करायला" असे उत्तर दिल्याची आख्यायिका आपण सगळ्यांनी ऐकली आहे. असेलही तसे. मला स्वतःला त्याहून जास्त विचार करायला लावते ती दुसरी गोष्ट. या मुलाला तोवर लिहिता-वाचता येत नव्हते, त्याचे वडील काही दरबारात वावरणारे नव्हते, आणि तरीही आपण पिलाजीरावांच्या कोणत्या मुलाचे वंशज हे त्या शेतकरी घराला ठाऊक होते. सहा-सात पिढ्या नांगर चालला आणि नावेही चालत राहिली. ती विसरली गेली असती तर पुढचे बडोदे आपण ओळखतो ते झाले नसते. १८९३ मध्ये अमरेलीत सुरू झालेले आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात लागू झालेले सक्तीचे प्राथमिक शिक्षण, गावोगावची वाचनालये, कलाभवन, हे सगळे त्या लक्षात राहिलेल्या नावांवर उभे आहे.

पण ही नावे टिकली कशी? आपल्याकडे वंशावळ लिहिली गेली ती बहुतेक हक्कासाठी. वतन, इनाम, पाटीलकी, जहागीर. हिस्सा मागायचा तर नाते सिद्ध करावे लागे. पेशवाईतल्या निवाड्यांत भाऊबंद आपापली वंशावळ घेऊन उभे राहत. पुढे इंग्रजी अमलात इनामांची चौकशी झाली, १८७४ मध्ये मुंबई इलाख्यात वतनांचा कायदा आला, तेव्हाही तेच. ज्याच्याकडे वतन त्याच्याकडे मोडीतला कागद. ज्याचा वाटा नाही त्याचे नाव नाही. मुलीला वाटा नव्हता. सुनेला पोटगी होती, पण वंश चालवायचा तो तिच्या नवऱ्याच्या नावाने. आमच्या त्रेसष्ट नावांचा उलगडा इथे होतो. तो कागद आठवण म्हणून लिहिलाच नव्हता, तो पुरावा होता.

आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा कॅनडात माँट्रियलला असतो. तो मागच्या हिवाळ्यात आला तेव्हा हा विषय निघाला आणि त्याने तिकडची रीत सांगितली. मग मीही थोडे वाचले. क्वेबेक प्रांतातले फ्रेंच लोक मूळचे शेतकरी, दहा-बारा मुलांची घरे त्यांच्यात सर्रास. पण तिथले जुने शेतकरी कुटुंब साडेतीनशे वर्षे मागे सहज जाऊ शकते, कारण प्रत्येक बाप्तिस्मा, लग्न आणि दफन गावच्या चर्चच्या वहीत लिहिले जाई आणि त्या वहीची दुसरी प्रत न्यायालयाकडे जाई. एक जळाली तर दुसरी राही. सिप्रियाँ तांगे नावाच्या पाद्र्याने या वह्या धुंडाळून सगळ्या फ्रेंच-कॅनेडियन घराण्यांचा सात खंडांचा कोश केला. त्याचा पहिला खंड १८७१ चा, म्हणजे ताराबाईंच्या जन्माच्या वर्षाचा. आणि मुख्य म्हणजे त्या वह्यांत लग्न झाले तरी बाईचे माहेरचे आडनाव तसेच राहते, लग्नाच्या नोंदीत दोन्हीकडच्या आईबापांची नावे असतात. त्यामुळे तिथे माणूस बापाकडून जितका मागे जातो तितकाच आईकडूनही जाऊ शकतो.

आपल्याकडे उलट. बाईचे आडनाव तर बदलतेच, पण पूर्वी ताटात तांदळावर अंगठीने नवे नाव लिहून पहिले नावही बदलत. रावपुऱ्याचा टॉवर ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्या चिमणाबाई म्हणजे तंजावरच्या मोहित्यांच्या लक्ष्मीबाई. १८८५ मध्ये त्या वारल्या. त्याच वर्षी महाराजांचे दुसरे लग्न झाले ते देवासच्या घाटग्यांच्या गजराबाईंशी, आणि त्यांचेही नाव ठेवले चिमणाबाई. १९२७ मध्ये पुण्याला अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या त्या या दुसऱ्या. दोन वेगळ्या घरांतल्या, वेगळ्या स्वभावाच्या बायका, आणि नाव एकच! महाराणी होत्या म्हणून 'पहिल्या' आणि 'दुसऱ्या' असे वेगळेपण इतिहासाने राखले. आपल्या घरातल्या दोन लक्ष्मी किंवा तीन सरस्वती कोण वेगळ्या करणार?

दत्तकविधानाने तर जन्मदात्या आईचेच नाव तक्त्यातून जाते. गोपाळरावांच्या आई उमाबाई. २७ मे १८७५ नंतर मुलगा झाला सयाजीराव खंडेराव, आणि ज्यांना त्यांनी कधी पाहिलेही नव्हते ते खंडेराव त्यांचे वडील झाले. आता हे सगळे घडवून आणणारी जमनाबाई ही बाईच होती. दत्तक घेण्याचा अधिकार तिचा, मांडीवर घेणारी ती, राज्याची ओळ चालू ठेवणारी ती. पण छापील वंशवृक्षात खंडेरावांच्या चौकटीतून रेघ निघते आणि सयाजीरावांच्या चौकटीत जाते. जमनाबाई त्या रेघेत आहेत असे फार तर म्हणता येईल.

बायकांची नावे जपणारी जागा आपल्याकडे अजिबातच नव्हती असे मात्र नाही. नाशिकला, त्र्यंबकेश्वरला, गयेला तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. गाव आणि आडनाव सांगितले की उपाध्ये बरोबर ती वही काढतात. मी चार वर्षांपूर्वी वडिलांच्या अस्थी घेऊन नाशिकला गेलो तेव्हा गुरुजींनी माझ्यासमोर आमच्या पणजोबांची सही काढून दाखवली. मोडीत होती. त्याखाली बरोबर आलेल्या माणसांत "मातोश्री" म्हणून एक नाव होते. आमच्या घरच्या कागदात ते नाही. श्राद्धातही नुसत्या बापाकडच्या नावांवर भागत नाही. आई, आजी, पणजी अशी तीन नावे लागतात, आणि आईच्या वडिलांकडच्या तीन पिढ्याही. हक्काच्या कागदाने ज्यांना वगळले त्यांना धर्मकृत्याने निदान तीन पिढ्या तरी धरून ठेवले. चौथ्या पिढीला तेही सोडून देते.

माझी नोकरी सरकारी असल्याने पेढीनामा हा शब्द रोज कानावर पडतो. बडोद्याच्या वाचकांना तो समजावायला नको. वारसाई करायची म्हणजे तलाठ्याकडे पेढीनामा आलाच. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे, त्यामुळे पेढीनाम्यात मुलीही लिहाव्या लागतात, लग्न होऊन गेलेल्या आणि वारलेल्यासुद्धा. त्या अर्थाने आजचा पेढीनामा आमच्या घरच्या वंशावळीपेक्षा खरा आहे. पण गाव नमुना नंबर ६ मध्ये वारसाईच्या नोंदीनंतरची नोंद पाहावी. पुष्कळदा ती 'हक्क कमी' ची असते. बहिणींनी राजीखुशीने हक्क सोडला. काही खरोखरच राजीखुशीने सोडतात, हेही मी पाहिले आहे. भावाशी संबंध राहावा म्हणून सोडतात. पण एका नोंदीने बहिणीचे नाव चढते आणि पुढच्या नोंदीने उतरते, आणि पन्नास वर्षांनी उतारा काढणाऱ्याला फक्त भावांचीच नावे दिसणार.

दिवाळीनंतर मुलीने आणि मी आमच्या कागदाची एक नवी प्रत करायला घेतली. प्रत्येक पुरुषाच्या नावाशेजारी दोन ओळी सोडल्या: एक बायकोसाठी, माहेरचे नाव आणि गाव यांसह, आणि एक मुलींसाठी. थोरल्या आत्याला ऐंशी वर्षे उलटली आहेत. तिला फोन केला तर दीड तास बोलत होती. कोण कुठल्या गावची, कोणाचे माहेरचे नाव काय, कोण बाळंतपणात गेली, कोणाची सवत होती. वडिलांना, काकांना हे कधीच सांगता आले नव्हते. ज्यांच्या घरी अशी आत्या किंवा मावशी आहे त्यांनी वही-पेन घेऊन तिच्याकडे एक रविवार काढावा, आणि तो लवकर काढावा.

पणजीचे नाव मिळाले: लग्नाआधीची कृष्णा, नंतरची राधाबाई, माहेर दाभोईकडचे. नाशिकच्या वहीतली "मातोश्री" म्हणजे तिची सासू. तिच्या माहेरची ओळ अजून कोरी आहे, आणि तिच्या वरच्या सगळ्याच. अनंत चतुर्दशी झाली की पितृपक्ष लागतो. या वर्षी गुरुजींनी नावे विचारली की वाचून दाखवायचे काम मुलीने स्वतःकडे घेतले आहे.