हेझलच्या फळातून निघालेली बंदूक

हेझल म्हणजे युरोपातल्या रानांत आणि कुंपणांवर वाढणारं झुडूप. जुन्या इंग्रजीत ते ‘हॅसेल’, जर्मनमध्ये ‘हाझेल’, लॅटिनमध्ये ‘कोरुलुस’, जुन्या आयरिशमध्ये ‘कोल’. कानाला परकी वाटली तरी ही सख्खी भावंडं. मूळच्या ‘क’चा जर्मानिक भाषांनी ‘ह’ केला, तर लॅटिनने स्वरांमधल्या ‘स’चा ‘र’.

१७५३ साली वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने या झुडपाला ‘कोरिलस ॲव्हेलाना’ हे शास्त्रीय नाव दिलं. ‘ॲव्हेलाना’ इटलीतल्या अव्हेला गावावरून आलं.

मराठी माणसाला थक्क करणारा धागा मात्र फळाच्या ग्रीक नावात आहे. काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोंतोस प्रदेशातलं म्हणून ते ‘पोंतिकोन’. अरबीत त्याचं ‘बुंदुक’ झालं. फळ गोल आणि टणक, तेव्हा नेम धरून मारायच्या गोळीलाही तेच नाव चिकटलं. पुढे गोळी झाडणारं हत्यार ‘बुंदुकिय्या’ ठरलं आणि आपल्याकडे पोचली ती ‘बंदूक’! खाऊच्या फळाचा एवढा लांबचा प्रवास क्वचितच दिसतो.

त्या किनाऱ्यावर, तुर्कस्तानातल्या ओर्दू आणि गिरेसुनच्या डोंगरउतारांवर, आजही हेझलच्या बागा आहेत. तिथले लोक या फळाला ‘फिंदिक’ म्हणतात.