धारा रोहित्राची ध्रुवता

करंट ट्रान्सफॉर्मर किंवा सीटी या नावाने परिचित असलेल्या धारा रोहित्राच्या प्राथमिक व द्वितीयक गुंडाळ्यांतील प्रवाहांच्या तात्क्षणिक दिशांमधील संबंधास त्या रोहित्राची ध्रुवता म्हणतात. विजेचे मापन व विद्युत संरक्षण यांची अचूकता तिच्यावर अवलंबून असते.

संकल्पना

धारा रोहित्र मोठ्या प्रवाहाचे रूपांतर मीटर व रिले यांना झेपेल अशा, सामान्यतः १ किंवा ५ अँपिअर प्रवाहात करते. प्राथमिक टोकांवर पी१ व पी२, तर द्वितीयक टोकांवर एस१ व एस२ अशा खुणा असतात. ज्या क्षणी प्रवाह पी१मधून आत शिरतो, त्याच क्षणी तो एस१मधून बाह्य मंडलात बाहेर पडत असेल, तर ध्रुवता खुणांशी जुळते.

उलट ध्रुवतेचे परिणाम

तीन फेजच्या समतोल भारावर एका रोहित्राची जोडणी उलट झाल्यास त्या फेजची ऊर्जा बेरजेतून वजा होते. अशी बीजगणितीय बेरीज करणारा मीटर ३००० युनिट वापर असता केवळ १००० युनिट नोंदवतो. दोन घटकांच्या मीटरमध्ये, शक्तिगुणक १ असल्यास, नोंद शून्यावर येते. पुरवठ्यात कोणताही बिघाड दिसत नसल्याने अशी चूक दीर्घकाळ लपून राहू शकते. छतावरील सौर संचाच्या नेट मीटरमध्ये घेतलेली वीज दिलेली म्हणून नोंदली जाऊ शकते. डिफरन्शियल रिलेमध्ये प्रवाहांच्या वजाबाकीऐवजी बेरीज होऊन दोष नसतानाही पुरवठा खंडित होतो.

चाचणी

रोहित्र वीजप्रवाहापासून पूर्णपणे विलग करून ही चाचणी घेतात. मध्यशून्य काट्याच्या मिलिअँमीटरचे धन टोक एस१ला व ऋण टोक एस२ला जोडतात. लहान बॅटरीचे धन टोक पी१ला आणि ऋण टोक स्विचमार्फत पी२ला जोडतात. स्विच लावताच काटा क्षणभर धन बाजूस आणि बंद करताच ऋण बाजूस हलल्यास खुणा बरोबर असतात. हालचाल क्षणिक असल्याने अंकदर्शी मीटरपेक्षा काट्याचा मीटर सोयीचा ठरतो. चाचणीनंतर गाभ्यात उरलेले चुंबकत्व काढून टाकणे आवश्यक असते.

या चाचणीने केवळ खुणांची खात्री पटते. रोहित्र उलट्या बाजूने बसवले गेले आहे काय, किंवा मीटरपर्यंतच्या तारांची अदलाबदल झाली आहे काय, हे प्रत्यक्ष भारावर प्रत्येक फेजमधील दाब व प्रवाह यांचा कोन मोजून ठरवावे लागते.

खबरदारी

प्राथमिक गुंडाळीतून प्रवाह वाहत असताना द्वितीयक मंडल कधीही खुले ठेवू नये. तसे केल्यास टोकांवर प्राणघातक दाब निर्माण होऊ शकतो.

ठाणे–कल्याण परिसर

ठाणे जिल्ह्यातील कळवा व पडघे येथे महापारेषणची ४०० किलोव्होल्ट उपकेंद्रे आहेत. डोंबिवली औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी मोठ्या ग्राहकांचे मापन धारा रोहित्रांद्वारे होते. भिवंडीत २००७ पासून आणि शीळ–मुंब्रा–कळवा भागात मार्च २०२० पासून महावितरणची फ्रँचायझी म्हणून टोरंट पॉवर वीजवितरण करते. तेथे फ्रँचायझीला दिलेली वीज प्रवेशबिंदूंवर मोजली जाते. त्यामुळे तेथील रोहित्रांची ध्रुवता दोन्ही पक्षांच्या आर्थिक हिशेबाशी थेट निगडित आहे.