अपुरा ग्रंथ आणि नर्मद कवींची ‘मारी हकीकत’

ग्रंथकार निवर्तल्यावर त्याच्या दप्तरात राहिलेले अपुरे लेखन प्रसिद्ध करावे की नाही, हा प्रश्न आपल्या वाङ्मयास नवा नाही. बाणभट्टाची ‘कादंबरी’ त्याच्या पुत्राने पुरी केली. नाथमहाराजांनी १५९९ साली देह ठेवला, तेव्हा भावार्थरामायण युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापर्यंत आले होते. पुढील भाग गावबा या शिष्याने सिद्धीस नेला. रामकथेचा शेवट सर्वांस ठाऊक असल्यामुळे हे साधले. परंतु आत्मचरित्र दुसऱ्याच्या हातून पुरे होणे नाही.

सुरतेचे कवी नर्मदाशंकर लालशंकर दवे, म्हणजेच नर्मद (१८३३-१८८६), यांनी १८६६ मध्ये ‘मारी हकीकत’ हे आत्मवृत्त लिहिले. स्वतःविषयी व इतरांविषयी त्यांत इतके उघडपणे लिहिले होते की, निकटच्या स्नेह्यांपुरत्या मोजक्या प्रती छापून, ग्रंथ आपल्या मृत्यूनंतरच लोकांपुढे यावा, अशी त्यांनी इच्छा दर्शविली.

यानंतर ते वीस वर्षे जगले. १८६९ मध्ये या सुधारकाने विधवेशी विवाह केला. लेखणीवरच निर्वाह करण्याचा १८५८ सालचा पण मात्र १८८२ मध्ये नोकरी पत्करून त्यांना सोडावा लागला. आणि ‘धर्मविचार’ या १८८५ सालच्या ग्रंथात ते प्राचीन धर्माकडे वळलेले दिसतात. मग तेहतिसाव्या वर्षीचे वृत्त त्यांच्या नावावर प्रसिद्ध करणे न्याय्य होते काय?

आमच्या मते होते. लेखकाची अनुज्ञा होती. आणि १९३३ साली, जन्मशताब्दीच्या वर्षी, ग्रंथ निघाला तेव्हा त्यांत उल्लेखिलेल्या पिढीचा काळ सरला होता. शिवाय उत्तरायुष्याची सामग्री मूळ वृत्तात न मिसळता १९३९ मध्ये ‘उत्तर नर्मदचरित्र’ म्हणून स्वतंत्रपणे छापली गेली. त्यामुळे तरुण सुधारक आणि प्रौढ धर्मचिंतक हे दोघेही वाचकांस आपापल्या जागी भेटतात. कोणी त्यांचा मेळ घालून दिला असता, तर दोघेही हरपले असते.

आपल्या देवस्थानांतून व घराण्यांतून अपुरी बाडे आजही असतील. ती अवश्य प्रकाशात यावीत. मात्र लेखकाची इच्छा आणि हयात माणसांची अब्रू आधी पाहावी, आणि मूळ लेखणी जेथे थांबली तेथे स्पष्ट खूण करावी. नाथांची ओवी कोठे संपते व गावबाची कोठे सुरू होते, हे परंपरेने विसरू दिले नाही. संपादकाने तेवढी तरी निष्ठा राखावी.