जुने खिशातले चाकू : ओळख, संग्रह आणि जपणूक

आपल्याकडच्या जुन्या घरांत आजोबांची पेटी उघडली, की दौत, अडकित्ता, चष्म्याचे घर यांच्यासोबत एखादा दोन पात्यांचा विलायती चाकूही पुष्कळदा हाती लागतो. इंग्रजीत त्याला पेननाईफ म्हणत, कारण मुळात तो पिसाच्या लेखणीला टोक काढण्यासाठी होता. आपल्याकडच्या कारकुनांनी त्यावर बोरू तासले, पुढे पेन्सिली तासल्या.

आमच्या आजोबांचाही असा एक चाकू होता. निवृत्तीनंतर आम्ही तो धार लावणाऱ्याकडे दिला. त्याने मन लावून काम केले, चाकू आरशासारखा करून आणला आणि पात्याच्या बुडाशी असलेला शिक्का साफ घासून टाकला. तो चाकू कोणी केला, कधी केला, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून वाचकांना पहिली विनंती हीच, की जुना चाकू सापडला तर त्याला धार लावू नका, पॉलिश करू नका. आधी शिक्का वाचा.

शिक्का कुठे असतो? पाते पूर्ण उघडावे. मुठीला लागून जो बोटाच्या पेराएवढा, धार नसलेला चौकोनी भाग असतो, त्यावर दोन्ही बाजूंनी पाहावे. भिंग घ्यावे आणि उजेड तिरपा पडू द्यावा. बँकेत सही पडताळताना जेवढा धीर धरतो, तेवढा इथे पुरतो.

आपल्याकडे सापडणारे चांगले चाकू मुख्यतः इंग्लंडातल्या शेफील्डचे. त्यात जोसेफ रॉजर्स अँड सन्सचे नाव सर्वांत मोठे. तारा आणि माल्टीज क्रूस ही त्यांची खूण. १८२२ साली त्यांना राजघराण्याची नेमणूक मिळाली, तेव्हापासून पात्यावर मुकुट आणि राजाची आद्याक्षरे येऊ लागली. व्ही.आर. म्हणजे व्हिक्टोरिया राणी (१८३७ ते १९०१), ई.आर. म्हणजे सातवा एडवर्ड (१९०१ ते १९१०), जी.आर. म्हणजे त्यानंतरचे जॉर्ज. दुसरे मोठे नाव जॉर्ज वोस्टनहोम. त्यांचा 'आय-एक्स-एल' हा शिक्का वाचताना 'आय एक्सेल', म्हणजे 'मी सरस', असा ऐकू येतो. १८५१ च्या लंडन प्रदर्शनासाठी रॉजर्सनी केलेला पंचाहत्तर पात्यांचा नॉरफोक चाकू आजही शेफील्डच्या कटलर्स हॉलमध्ये आहे. तो खिशात मावणारा नाही, ही गोष्ट वेगळी!

एवढे नाव झाले की नकला येणारच. रॉजर्सच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'डी' आहे. तो गाळून केलेले चाकू मूळ कंपनीचे नव्हेत. जर्मनीतल्या झोलिंगन गावचा मालही शेफील्डच्या नावावर खपवला जाई. त्याच्या तक्रारींतूनच १८८७ चा ब्रिटिश व्यापारचिन्ह कायदा पुढे आला. गंमत अशी, की झोलिंगनचे चाकू स्वतःही उत्तम असत, आणि १९३८ साली त्या गावाला आपल्याच नावासाठी कायद्याचे संरक्षण घ्यावे लागले.

काळ ठरवायला दोन तारखा पाठ असाव्यात. अमेरिकेने १८९१ पासून आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले, त्यामुळे 'इंग्लंड' असे स्पष्ट छापलेला चाकू बहुधा त्यानंतरचा. आणि गंज न धरणारे पोलाद हॅरी ब्रिअर्ली यांनी शेफील्डमध्ये १९१३ साली केले. तेव्हा 'स्टेनलेस' लिहिलेला चाकू कोणी राणीच्या काळचा म्हणून विकायला आणला, तर त्याला नमस्कार करून पुढे जावे.

स्विस चाकवांत व्हिक्टोरिनॉक्स हे नावच तारीख सांगते. संस्थापक कार्ल एल्सेनर यांची आई व्हिक्टोरिया १९०९ साली वारली, तेव्हा तिचे नाव मालाला दिले; १९२१ साली त्याला स्टेनलेस पोलादाचे 'इनॉक्स' जोडले. अमेरिकन केस कंपनीची रीत त्याहून सोपी आहे. १९७० साली शिक्क्याखाली दहा ठिपके होते, दरवर्षी एक कमी करत १९७९ ला एक उरला. ठिपके मोजा, साल कळते.

मासेमारीचे चाकू आपल्या घरांतून फारसे निघत नाहीत. गोव्याकडे आणि कोकणात मासे विळीवर किंवा आदोळीवर कापतात, चाकू कोण घेतो? पण संग्राहकांत त्यांची स्वतंत्र शाखा आहे. अमेरिकन घडीच्या चाकूत एक पाते मासे चिरायचे, दुसरे खवले काढायचे दातेरी, त्याच्या टोकाला गळ सोडवायची खाच, आणि मुठीत गळाला धार लावायचा बारीक दगड बसवलेला. दगड शाबूत असेल तर चाकवाची किंमत वाढते. फिनलंडच्या रोवानिएमी गावातल्या मार्तिनी कारखान्याचे बर्चच्या मुठीचे लवचिक पात्याचे चाकूही आवर्जून जमवले जातात.

आता मुठीबद्दल, आणि इथे जपून राहावे. शेफील्डच्या मुठींसाठी सांबरशिंगे हिंदुस्थानातूनच जात. आज वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ नुसार अशा शिंगांचा आणि हस्तिदंताचा व्यापार बंद आहे. हस्तिदंती वस्तू घरात ठेवायलाही मालकीचे प्रमाणपत्र लागते. वारशाने आलेला असा चाकू ऑनलाइन विकायला काढू नका, आधी वनखात्यात चौकशी करा. पुष्कळ पांढऱ्या मुठी साध्या हाडाच्या किंवा सेल्युलॉइडच्या असतात. हाडावर बारीक काळे ठिपके दिसतात, हस्तिदंताच्या कापलेल्या टोकाला एकमेकींना छेदणाऱ्या नाजूक रेषा. तापलेली सुई टोचून पाहा असे काही जण सांगतात. ते अजिबात करू नये, सेल्युलॉइड भडकन पेटते. ते जुने झाले की त्यातून आम्लाची वाफही निघते आणि शेजारच्या चाकवांना गंज चढतो, म्हणून तसा चाकू वेगळ्या डब्यात ठेवावा.

जपणुकीला खर्च नाही. कोरड्या फडक्याने पुसावे, बिजागरीत शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडावा. खोबरेल तेल नको, ते चिकट होते. चामड्याच्या म्यानात वर्षानुवर्षे ठेवू नये, चामडे ओल धरते. पात्यावरची करडी झाक म्हणजे घाण नव्हे, तिला हात लावू नका. तांबूस गंज असेल तेवढाच तेल लावून, तांब्याच्या नाण्याच्या कडेने हलकेच खरवडावा. विमानप्रवासात चाकू हातातल्या बॅगेत चालत नाही. आणि नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते शस्त्र नियमांत येऊ शकते, हे मोठे चाकू घेण्याआधी ध्यानात असू द्यावे.

गुंतवणूक म्हणून या छंदात पडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. शेअरसारखा भाव कुठे लागत नाही आणि विकायला गेले की गिऱ्हाईक सापडत नाही. त्यापेक्षा एक वही करावी. चाकू कोणाचा, कोणाकडून आला, शिक्क्यावर काय आहे, पाती किती, हे लिहून ठेवावे आणि शिक्क्याचा फोटो चिकटवावा. आमच्या वहीत पहिल्या पानावर आजोबांचा चाकू आहे. शिक्क्याची चौकट तेवढी रिकामी आहे.