काणी, केंद्रक आणि चाळीस ग्रॅम गंधक

पुण्याहून नगर रस्त्यानं शिरूरला जा नाहीतर सोलापूर रस्त्यानं दौंडला, पाऊस मागेच राहतो. शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. हीच घोड पुढे भीमेला मिळते आणि भीमेकाठी दौंड. कालवे आले, ऊस आला, पण हा मुलूख मूळचा ज्वारी-बाजरीचा. माझं आजोळ दौंड तालुक्यातलं, त्यामुळे 'काणी' हा शब्द मला 'व्हायरस'च्या आधी कळला!

काणी म्हणजे काय? कणीस बाहेर पडतं, लांबून चांगलं दिसतं, पण दाण्याच्या जागी करड्या रंगाची बारीक थैली. फोडली की आत काळी भुकटी. ही भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. एका थैलीत अक्षरशः लाखोंनी.

खरी गंमत (शेतकऱ्याच्या दृष्टीनं खरं तर शोकांतिका) पुढे आहे. खळ्यावर मळणी करताना या थैल्या फुटतात आणि भुकटी चांगल्या दाण्यांना चिकटते. त्यातलंच निवडक बी पुढच्या वर्षासाठी ठेवायचं. पेरलं की ज्वारीबरोबर बीजाणूही रुजतो, कोवळ्या रोपात शिरतो आणि वाढत्या शेंड्याबरोबर गुपचूप वर चढतो. काही महिने ताट एकदम ठणठणीत. कणीस आल्यावर कळतं की आपण मेहनतीनं बुरशी पिकवली. आमच्या भाषेत सांगायचं तर बग शिरला पहिल्या दिवशी, दिसला थेट प्रॉडक्शनमध्ये. मग दोष कोणाला? हवेला, नक्षत्राला, नशिबाला.

युरोपातही वेगळं नव्हतं. गव्हाच्या काणीची काळी धूळ निरोगी बियाला लावली की रोग येतो, हे फ्रान्समध्ये तिये यांनी १७५५ मध्ये प्रयोगानं दाखवलं. पण ती धूळ त्यांना विष वाटली. १८०७ मध्ये प्रेव्हो यांनी बीजाणू रुजताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, शिवाय तांब्याच्या क्षारानं ते रुजणं थांबतं हेही दाखवलं. पॅरिसच्या पंडितांना ते पटलं नाही. पुढे १८५३ मध्ये २२ वर्षांच्या आंतोन द बारीनं ठासून सांगितलं की बुरशी हा रोगाचा परिणाम नाही, कारण आहे. तिये ते द बारी, ९८ वर्षं!

आपल्याकडे १९१८ मध्ये जी. एस. कुलकर्णी यांची मुंबई इलाख्यातल्या ज्वारीच्या काण्यांवरची पुस्तिका पुसाच्या संशोधन संस्थेनं छापली. ज्वारीवर काण्या चार प्रकारच्या. पैकी दाण्याची काणी बियाबरोबर येते, म्हणून ती बियावरच अडवता येते. आधी उपाय होता मोरचुदाच्या पाण्यात बी भिजवण्याचा. पण भिजवा, वाळवा, प्रमाण चुकलं तर उगवण जाते. त्यापेक्षा गंधकाची बारीक भुकटी सोपी, कोरडी चोळा आणि पेरा. किलोला ४ ग्रॅम. हेक्टरी १० किलो बी धरलं तर गंधक लागतं फक्त ४० ग्रॅम.

आता जरा बीजाणूच्या आत डोकावू. पेशीच्या केंद्रकाभोवती दुहेरी पडदा असतो आणि त्याला छिद्रं असतात. कॅलन आणि टॉमलिन यांना ती १९५० मध्ये बेडकासारख्या उभयचरांच्या अंडपेशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसली. आत-बाहेर जाणारा माल याच फाटकांतून जातो. आपली पेशी विभागताना हा पडदा विरघळतो आणि नंतर पुन्हा बांधला जातो. यीस्टसारख्या बुरशीत तो शाबूत राहतो, सगळं काम बंद दाराआड.

काणीच्या बुरशीची तऱ्हा न्यारी. रोपात वाढताना तिच्या एका पेशीत दोन वेगवेगळी केंद्रकं शेजारी नांदतात, एक होतात ती थेट बीजाणू तयार होताना. आणि ज्वारीच्या काणीची नातलग जी मक्याची काणी, तिच्याबद्दल २००५ मध्ये कळलं की यीस्टसारखी कळी धरून वाढताना तिचं केंद्रक कळीकडे खेचलं जातं आणि त्या ओढाताणीत त्याचा पडदा सोलून निघतो. म्हणजे पूर्ण बंदही नाही, आपल्यासारखं विरघळणंही नाही, तिसराच मार्ग.

हे वाचून माझ्यातला इंजिनिअर खूश झाला. पण आजोळच्या रानात उभं राहिलं की हिशोब बदलतो. पीक वाचवायला केंद्रकाचा पडदा माहीत असण्याची गरज नव्हती. 'धूळ बियाला चिकटून येते' एवढं एक वाक्य पुरेसं होतं. ते वाक्य १७५५ पासून तयार होतं. घोड-भीमेच्या काठी पोचेपर्यंत मधल्या दीडशेहून जास्त वर्षांत किती खळ्यांवर घरच्याच माणसांनी घरचंच बी नासवलं असेल, तेही निगुतीनं राखून ठेवलेलं!

आज विकतचं बी बहुधा औषध चोळूनच येतं. पण रब्बीला घरचं बी पेरणारे अजून आहेत. तुमच्या गावाकडे कोणी असेल तर पेरणीआधी एक फोन करा. चाळीस ग्रॅमचाच प्रश्न आहे.