द्रव वर्णलेखनातील पद्धतविकास : विश्लेषकांच्या प्रशिक्षणाचे स्वरूप आणि महत्त्व

औषधाच्या पाकिटावर 'प्रत्येक गोळीत ५०० मिलीग्रॅम' असे छापलेले असते. हे प्रमाण खरे आहे काय, गोळीत अन्य काही अपायकारक पदार्थ तर नाहीत ना, आणि मुदत संपेपर्यंत ती गुणकारी राहील काय, या तीन प्रश्नांची उत्तरे आज बहुतांश गोळ्या-औषधांच्या बाबतीत एकाच तंत्राच्या साहाय्याने शोधली जातात. हे तंत्र म्हणजे उच्च क्षमतेचे द्रव वर्णलेखन. प्रयोगशाळांमध्ये ते 'एचपीएलसी' या संक्षिप्त नावाने ओळखले जाते. दुधातील अफ्लाटॉक्सिन, भाजीपाल्यावरील कीटकनाशकांचे अंश, खाद्यपदार्थांतील कृत्रिम रंग यांच्या तपासणीसाठीही त्याचा उपयोग होतो.

हे यंत्र चालविण्यास नवा विश्लेषक काही आठवड्यांत शिकतो. मात्र एखाद्या पदार्थासाठी ते कोणत्या परिस्थितीत चालवावे हे ठरविणे, म्हणजेच पद्धतविकास करणे, हे निराळे कौशल्य आहे. पद्धत आखणाऱ्याने जे शोधायचे ठरविलेले असते, तेवढेच यंत्र दाखविते. त्यामुळे या विषयाच्या प्रशिक्षणाचा संबंध शेवटी रुग्णाच्या सुरक्षिततेशी पोहोचतो.

तंत्राची पूर्वपीठिका

रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी १९०३ मध्ये वॉर्सा येथे आपले प्रयोग प्रथम मांडले. खडूची भुकटी भरलेल्या काचेच्या नळीतून पानांचा अर्क सोडला असता हिरव्या आणि पिवळ्या रंगद्रव्यांचे वेगवेगळे पट्टे तयार होतात, असे त्यांनी दाखवून दिले. १९०६ मध्ये त्यांनी या तंत्राला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिले. 'वर्णलेखन' हा त्याचाच मराठी प्रतिशब्द होय. पुढे आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांनी १९४१ मध्ये विभाजन वर्णलेखनाची पद्धत मांडली. त्याबद्दल त्यांना १९५२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात उच्च दाबाचे पंप आणि बारीक कणांनी भरलेले कॉलम यांची जोड मिळून आजचे एचपीएलसी आकारास आले. २००४ पासून २ मायक्रॉनहून लहान कणांचे कॉलम वापरणारी, त्याहूनही अधिक दाबाची यंत्रे बाजारात आली.

यंत्राचे तत्त्व समजण्यास कठीण नाही. बाजारपेठेच्या एका टोकाकडून अनेक माणसे एकाच वेळी निघाली, तर दुकानादुकानाशी रेंगाळणारी मागे राहतात आणि सरळ चालणारी आधी पोहोचतात. कॉलममध्ये हेच घडते. द्रवाबरोबर म्हणजे मोबाईल फेजबरोबर वाहताना जो रेणू आतील कणांशी अधिक सलगी करतो, तो उशिरा बाहेर पडतो. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक घटकाचा एक उंचवटा म्हणजे पीक आलेखावर उमटतो. नेहमीच्या वापरातील कॉलम साधारणतः १५० किंवा २५० मिलीमीटर लांब आणि ४.६ मिलीमीटर आतील व्यासाचा असतो. त्यात ५ मायक्रॉन आकाराचे, सी-१८ या तैलस्नेही थराने मढविलेले सिलिकाचे कण भरलेले असतात.

पहिला धडा : आधी रेणू, मग यंत्र

पद्धतविकासाच्या चांगल्या प्रशिक्षणाची सुरुवात यंत्रापाशी होत नाही. रेणू आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी, त्याचा पीकेए किती, तो पाण्यात किती विरघळतो आणि कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश शोषतो, हे कागदावर मांडण्यास प्रशिक्षणार्थींना प्रथम सांगितले जाते.

सर्वांच्या परिचयाच्या पॅरासिटामॉलचे उदाहरण घेता येईल. या औषधातील महत्त्वाची अशुद्धी म्हणजे ४-अमिनोफिनॉल. तिच्यातील अमिनो गटाचा पीकेए ५.५ च्या आसपास आहे. मोबाईल फेजचा पीएच ३ ठेवल्यास हा रेणू विद्युतभारित होतो, सी-१८ कॉलममध्ये जवळजवळ थांबत नाही आणि न अडकणाऱ्या अन्य द्रव्यांच्या गर्दीत अगदी आरंभीच बाहेर पडतो. पीएच ७ च्या जवळ नेल्यास तो बहुतांशी भाररहित होतो आणि तुलनेने अधिक काळ थांबतो. पॅरासिटामॉलचा पीकेए ९.४ च्या सुमारास असल्याने या बदलाचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. म्हणजे एका आकड्याच्या निवडीवर अशुद्धी दिसणे वा न दिसणे अवलंबून राहते. हा आकडा का निवडला, हे ज्याला सांगता येते, त्याला पद्धत समजली असे म्हणता येते.

बफरची निवडही याच विचाराने केली जाते. बफर आपल्या पीकेएच्या आजूबाजूला सुमारे एक एककापर्यंतच परिणामकारक असतो. फॉस्फेट २.१ आणि ७.२ च्या परिसरात, तर अ‍ॅसिटेट ४.८ च्या परिसरात उपयोगी पडतो. सर्वसाधारण सिलिका कॉलम पीएच २ ते ८ या मर्यादेतच सुरक्षित राहतात, हेही ध्यानात ठेवावे लागते.

दुसरा धडा : पृथक्करणाची तीन सूत्रे

दोन पीक एकमेकांपासून किती दूर आहेत हे दर्शविणाऱ्या मापास रेझोल्युशन म्हणतात. हे माप १.५ असल्यास दोन पीक पायथ्यापर्यंत वेगळे झाले असे मानतात. मात्र रोजच्या कामात काही सुट राहावी म्हणून २ किंवा त्याहून अधिक रेझोल्युशन राखणे हितावह ठरते. ते तीन गोष्टींवर अवलंबून असते : रेणू कॉलममध्ये किती थांबतो, कॉलमची कार्यक्षमता किती आहे, आणि दोन रेणूंमध्ये कॉलम किती भेद करतो.

पीक वेगळे होत नसतील तर अधिक लांबीचा कॉलम बसविण्याकडे नवख्या विश्लेषकाचा कल असतो. परंतु लांबी दुप्पट केल्याने रेझोल्युशन केवळ १.४ पट वाढते. वेळ आणि दाब मात्र दुप्पट होतात. याउलट भेद करण्याचे गुणोत्तर १.०५ वरून १.१० वर नेले, तर रेझोल्युशन जवळजवळ दुप्पट होते. हे साधण्यासाठी पीएच बदलणे, अ‍ॅसिटोनायट्राइलऐवजी मेथॅनॉल वापरणे, तापमान बदलणे किंवा निराळ्या रसायनाचा कॉलम घेणे असे मार्ग असतात.

आरंभी अ‍ॅसिटोनायट्राइलचे प्रमाण ५ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत सावकाश वाढवीत एक चाचणी घेतली जाते. सर्व पीक या चढत्या काळाच्या एक चतुर्थांश भागात सामावत असतील, तर एकाच स्थिर मिश्रणावर काम भागण्याची शक्यता असते. ते ४० टक्क्यांहून अधिक भागात पसरले असतील, तर चढते प्रमाणच ठेवावे लागते. सेंद्रिय द्रावकाचे प्रमाण १० टक्क्यांनी कमी केल्यास रेणू थांबण्याचे माप साधारणतः दोन ते तीन पट वाढते, हा ठोकताळाही प्रशिक्षणार्थींना उपयोगी पडतो.

तिसरा धडा : औषधाला मुद्दाम बिघडविणे

औषध टिकते की नाही हे सांगणारी पद्धत, बिघडलेले औषध ओळखू शकली पाहिजे. त्यासाठी नमुन्यावर आम्ल, अल्क, हायड्रोजन पेरॉक्साइड, उष्णता आणि प्रकाश यांचा मुद्दाम प्रयोग करतात. सामान्यतः ५ ते २० टक्के विघटन होईल इतपतच हा मारा ठेवला जातो. त्यातून निर्माण झालेले घटक मुख्य पीकच्या खाली दडलेले नाहीत, याची खातरजमा फोटोडायोड अ‍ॅरे डिटेक्टर किंवा वस्तुमान वर्णपटमापकाच्या साहाय्याने केली जाते. एका पीकखाली दोन पदार्थ दडले असतील, तर बिघडलेले औषधही शंभर टक्के चांगले असल्याचा अहवाल निघू शकतो.

यानंतर प्रमाणीकरणाचा टप्पा येतो. आंतरराष्ट्रीय सुसूत्रीकरण परिषदेच्या क्यू-२ या मार्गदर्शक तत्त्वांनुसार विशिष्टता, रेषीयता, अचूकता, पुनरावृत्तीतील सातत्य आदी गुण तपासले जातात. रेषीयतेसाठी किमान ५ तीव्रता आणि अचूकतेसाठी तीन पातळ्यांवर किमान ९ मापने घेण्याची शिफारस आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये या तत्त्वांची सुधारित आवृत्ती आणि पद्धतविकासावरील क्यू-१४ ही नवी तत्त्वे स्वीकारण्यात आली. पद्धत कशी घडली, कोणते घटक तिला धोक्यात आणू शकतात आणि ते कसे आवाक्यात ठेवले, याची कारणमीमांसा क्यू-१४ मध्ये केंद्रस्थानी आहे.

हाताच्या सवयींचे मोल

अनेक पद्धती सिद्धांतामुळे नव्हे, तर लहानसहान कृतींमुळे दुसऱ्या प्रयोगशाळेत फसतात. ५०० मिलीलिटर पाणी आणि ५०० मिलीलिटर मेथॅनॉल एकत्र केल्यास मिश्रण १००० नव्हे, तर सुमारे ९६५ मिलीलिटर भरते. म्हणून दोन्ही द्रव स्वतंत्रपणे मोजून मिसळणे आणि पाण्यात मेथॅनॉल घालून एक लिटरच्या खुणेपर्यंत भरणे, या दोन कृतींतून दोन वेगळी मिश्रणे तयार होतात. पीएच सेंद्रिय द्रावक मिसळण्यापूर्वी मोजला की नंतर, यानेही फरक पडतो. पद्धतीच्या लेखी मसुद्यात या गोष्टी स्पष्ट नसतील, तर प्रत्येक विश्लेषक आपापल्या परीने अर्थ लावतो.

नमुना मोबाईल फेजपेक्षा अधिक तीव्र द्रावकात विरघळविल्यास सुरुवातीचे पीक विस्कटतात. काम संपल्यावर कॉलममध्ये बफर तसाच ठेवल्यास क्षार साचतात. थेट शुद्ध अ‍ॅसिटोनायट्राइलने धुतल्यास फॉस्फेट आतच घट्ट होण्याचा धोका असतो, म्हणून आधी पाण्याचे प्रमाण अधिक असलेल्या मिश्रणाने धुवावे लागते. हे सारे प्रत्यक्ष यंत्रासमोर उभे राहूनच अंगवळणी पडते.

न शोधलेले सापडत नाही

जुलै २०१८ मध्ये रक्तदाबावरील व्हाल्सार्टन या औषधाचे अनेक साठे जगभरातून परत मागविण्यात आले. चीनमधील एका उत्पादकाच्या कच्च्या औषधात एन-नायट्रोसोडायमिथिलअमाइन हा कर्करोगास कारणीभूत ठरू शकणारा पदार्थ आढळला होता. उत्पादनप्रक्रियेत काही वर्षांपूर्वी बदल झाल्यानंतर तो निर्माण होऊ लागला होता. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याची दैनंदिन स्वीकारार्ह मर्यादा ९६ नॅनोग्रॅम ठरविली. ३२० मिलीग्रॅमच्या दैनंदिन मात्रेत हे प्रमाण दशलक्ष भागांत ०.३ भाग इतके अल्प होते. नेहमीच्या अशुद्धी-चाचणीत नोंद घेण्याची मर्यादा बहुधा ०.०५ टक्के, म्हणजे दशलक्षात ५०० भाग असते. दोहोंतील अंतर दीड हजार पटींहून अधिक आहे.

नियमित चाचण्या करणाऱ्यांच्या कामात कसूर होती असे नव्हे. त्यांच्या पद्धती या पदार्थासाठी आखलेल्याच नव्हत्या. त्यामुळे आता पद्धतविकासाच्या प्रशिक्षणात संश्लेषणाचा मार्ग वाचणे, कोणत्या अभिक्रियेतून काय निर्माण होऊ शकेल याची यादी करणे, आणि प्रक्रिया बदलताच जुन्या पद्धतीची पुन्हा परीक्षा घेणे यांवर भर दिला जाणे आवश्यक ठरते.

आकलनाचा उपयोग अडचणीच्या वेळीही होतो. २००८-०९ मध्ये जगभर अ‍ॅसिटोनायट्राइलची टंचाई निर्माण झाली. हा द्रावक अ‍ॅक्रिलोनायट्राइलच्या उत्पादनातील उपपदार्थ आहे, आणि आर्थिक मंदीमुळे त्या मूळ रसायनाचीच मागणी घटली होती. पद्धतीमागील कारणे जाणणाऱ्या विश्लेषकांना मेथॅनॉलकडे वळणे किंवा कमी व्यासाचे कॉलम वापरणे शक्य होते. मात्र मेथॅनॉल कमी तरंगलांबीचा प्रकाश अधिक शोषून घेते आणि पाण्याबरोबर अधिक दाब निर्माण करते. त्यामुळे केवळ बाटली बदलून काम भागत नव्हते.

कच्ची पद्धत आणि नोंदींची सचोटी

२०१० नंतरच्या काळात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने भारतासह अनेक देशांतील कारखान्यांना पाठविलेल्या इशारापत्रांत प्रयोगशाळेतील नोंदींच्या सचोटीचा प्रश्न वारंवार उपस्थित केला. प्रतिकूल निष्कर्ष बाजूला ठेवणे, मनाजोगा आकडा मिळेपर्यंत चाचणी पुन्हा घेणे, पीकच्या सीमा हाताने बदलणे, असे प्रकार त्यांत नमूद आहेत. अशा वर्तनाचे समर्थन होऊ शकत नाही. तथापि, त्यामागील एक तांत्रिक कारण दुर्लक्षित राहते. पद्धतच डळमळीत असेल, तर चांगला साठाही अधूनमधून नापास होतो, आणि माल पाठविण्याची घाई असताना त्याचा भार सर्वांत कनिष्ठ विश्लेषकावर येतो. भक्कम पद्धत त्याला या कोंडीपासून वाचविते. म्हणून नोंदींच्या सचोटीचे आणि पद्धतविकासाचे प्रशिक्षण एकमेकांपासून वेगळे काढता येत नाही.

प्रशिक्षण कोठे आणि कसे निवडावे

गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोग, तसेच मोहाली, अहमदाबाद, हैदराबाद, गुवाहाटी, हाजीपूर, कोलकाता आणि रायबरेली येथील राष्ट्रीय औषधनिर्माण शिक्षण व संशोधन संस्था ही या क्षेत्रातील प्रमुख सरकारी केंद्रे होत. यंत्रनिर्मात्या कंपन्याही आपापल्या केंद्रांत अभ्यासक्रम चालवितात. औषध नियमांतील अनुसूची 'एम'चे सुधारित रूप प्रसिद्ध झाले असून त्यात गुणवत्ता व्यवस्थेवर आणि कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणावर भर आहे. बद्दी, अंकलेश्वर, हैदराबाद, तारापूर किंवा गोव्यातील वेर्णा, कोठेही काम करणाऱ्या विश्लेषकाला त्यामुळे या विषयाकडे केवळ बढतीची पायरी म्हणून पाहता येणार नाही.

अभ्यासक्रम निवडताना काही प्रश्न अवश्य विचारावेत. एका यंत्रामागे किती प्रशिक्षणार्थी असतील? अनोळखी मिश्रण देऊन आरंभापासून पद्धत घडविण्याची संधी मिळेल काय? बिघडलेले आलेख देऊन त्यांची कारणे शोधावयास लावतात काय? शेवटी लेखी मसुदा तयार करून तो दुसऱ्या गटाकडून पडताळून घेतात काय? केवळ बटणे आणि संगणकप्रणाली शिकविणारा वर्ग यंत्र चालविण्यापुरता उपयोगी असतो. पद्धतविकासासाठी तो पुरेसा नाही.

नोकरीच्या ठिकाणीही हा अभ्यास चालू ठेवता येतो. रोज वापरात असलेली एखादी पद्धत घ्यावी आणि तिच्यातील प्रत्येक आकड्यासमोर त्याचे कारण लिहावे : पीएच हाच का, तरंगलांबी हीच का, प्रवाह १ मिलीलिटरच का. ज्या आकड्यासमोरची जागा रिकामी राहील, तेथून वरिष्ठांशी चर्चा आणि पुढील अभ्यास सुरू करावा. अहवालावर स्वाक्षरी करणाऱ्या विश्लेषकाला ही उत्तरे ठाऊक असणे, हीच औषध घेणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने खरी हमी होय.