घड्याळ कोणाच्या हातात?

गेल्या महिन्यात एका रात्री आमच्या ताथवड्याच्या सोसायटीत समोरचे काका जिन्यात कोसळले. काकूंच्या फोनमध्ये एका खासगी रुग्णवाहिकेचा नंबर होता, तोच मी फिरवला. (१०८ आठवलाच नाही. प्रॉडक्शन सपोर्ट करणाऱ्या माणसाची ही अक्कल!) "दहा मिनिटांत पोचतो साहेब." गाडी आली चाळीस मिनिटांनी. काका वाचले, आता चिडचिड करत पथ्याचं खातात, ते सोडा. पण दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरला फोन केला तर म्हणाला, "निघाल्यापासून बाराच मिनिटं लागली." आणि वॉचमनच्या वहीप्रमाणे माझा हिशोब चाळीसचा. दोघंही खरं बोलत होतो.

मग काय, शनिवार-रविवार यातच गेला.

आपल्याकडे १०८ सुरू झाला ऑगस्ट २००५ मध्ये, हैदराबादला. सुरू करणारे सत्यमचे रामलिंग राजू, म्हणजे आपल्याच धंद्यातले. जानेवारी २००९ मध्ये त्यांनी कंपनीचे आकडे फुगवल्याची कबुली दिली आणि ती सेवा पुढे जीव्हीके समूहाकडे गेली. असो.

महाराष्ट्रात १०८ यायला २०१४ चा जानेवारी उजाडला. ९३७ गाड्या, त्यातल्या २३३ व्हेंटिलेटरवाल्या. बाकीच्या ७०४ साध्या, पण डॉक्टर प्रत्येक गाडीत. चालवायचं कंत्राट बीव्हीजीला, म्हणजे आपल्या चिंचवडच्याच कंपनीला, आणि नियंत्रण कक्ष औंधच्या उरो रुग्णालयात. सरकारचा पैसा, खासगी हात आणि मधे एक एसएलए: शहरात २० मिनिटं, खेड्यात ३०.

इथे मी जरा थबकलो. ताथवडे २००९ मध्ये महापालिकेत आलं, त्याआधी ग्रामपंचायत. म्हणजे तो समावेश रखडला असता तर याच जिन्यात पडलेल्या माणसासाठी १० मिनिटं जास्त चालली असती, कागदोपत्री. भूमकर चौकातल्या ट्रॅफिकला हद्द कळत नाही हा भाग वेगळा.

पण मिनिटं मोजायची कुठून? फोन वाजल्यापासून, पत्ता कळल्यापासून की गाडी हलल्यापासून? आपल्या तिकिटांतही हीच गंमत असते. क्लायंटचं घड्याळ आधी सुरू होतं, आपलं 'असाइन' झाल्यावर.

इंग्लंडने हे सगळं भोगलंय. तिथे जिवावर बेतलेल्या कॉलपैकी ७५ टक्के ठिकाणी ८ मिनिटांत पोचा, असं सरकारने सांगितलं. तिथली सेवा सरकारीच, तरीही काही ठिकाणच्या आकड्यांचे आलेख काढले तेव्हा आठव्या मिनिटाच्या अलीकडे डोंगर आणि पलीकडे एकदम दरी! २००३ च्या सुमारास तपासणी झाली. काही सेवा वेळा मागाहून 'दुरुस्त' करत होत्या, आणि घड्याळ कधी सुरू करायचं हे जो तो आपापलं ठरवत होता. शिवाय मोटारसायकलवरचा एक माणूस पोचला की घड्याळ बंद, रुग्णाला न्यायची गाडी येवो न येवो. शेवटी २०१७ मध्ये नियम बदलले: योग्य ते वाहन पोचल्यावरच घड्याळ थांबणार.

आता आमच्या काकांसाठी आलेली ती खासगी गाडी. तिच्यावर सरकारची नजर नाही असं नाही. रुग्णवाहिका कशी बांधावी, आत काय असावं यासाठी एआयएस-१२५ हे मानक आहे. २०२० मध्ये कोविड पसरल्यावर राज्याने खासगी रुग्णवाहिका ताब्यात घेण्याचे आणि त्यांचे दर ठरवण्याचे आदेश काढले. गाडीची बांधणी आली, भाडं आलं. पण मी एक साधा फोन फिरवला, तेव्हापासूनची मिनिटं यातल्या कशातच नाहीत. १०८ ला निदान कंत्राटात लिहिलेला एक आकडा आहे, ज्यावर भांडता येतं.

परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी वॉचमनच्या वहीत एक रकाना वाढवायला सांगितला: रुग्णवाहिकेला फोन कधी केला. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, ते त्याला कसं कळणार?" रास्त प्रश्न. तूर्तास ज्याने फोन केला त्यानेच खाली येऊन लिहायचं, असं ठरलंय.